डोंगरांची नावे आणि पाट्यांचे भांडण

एप्रिल २०२३ मध्ये वेल्समधल्या ‘ब्रेकन बीकन्स’ या राष्ट्रीय उद्यानाने आपल्या सहासष्टाव्या वर्धापनदिनी जाहीर केले, की यापुढे कारभारात ‘बन्नाय ब्रुखैन्योग’ हे वेल्श नावच वापरले जाईल. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात स्नोडन शिखर ज्या उद्यानात येते, त्या उद्यानानेही शिखरासाठी ‘अर विद्वा’ हे वेल्श नाव असेच स्वीकारले होते. दोन्ही वेळी उठलेला वाद मी लक्षपूर्वक वाचला आणि दोन्ही वेळी माझी निराशा झाली. बाजूने बोलणारे सांगत होते, की ‘बीकन’ म्हणजे डोंगरावर पेटवलेला इशाऱ्याचा जाळ, आणि हवामानबदलाच्या काळात धूर सोडणारे असे चिन्ह उद्यानाला शोभत नाही. विरोधक सांगत होते, की रुळलेले नाव मोडून सर्वांना न उच्चारता येणारे नाव लादणे हा दुराग्रह आहे. त्या डोंगररांगेतल्या कोणत्या धारेला, कोणत्या ओढ्याला, कोणत्या कड्याला तिथली माणसे काय म्हणत आली आणि ते कुठे लिहून ठेवले आहे का, हा प्रश्न या गदारोळात जवळजवळ कोणी विचारला नाही. स्कॉटलंडमध्ये वेल्शची दूरची बहीण असलेल्या गेलिक भाषेची पाटी रस्त्यावर किंवा रेल्वे स्थानकावर लागली, की हेच भांडण याच शब्दांत पुन्हा होते. खर्च किती, बोलणारे किती, जिंकले कोण, एवढ्यावरच ते थांबते.

माझे मत सुरुवातीलाच मांडतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील गेलिक नावांचा प्रश्न हा नामांतराचा प्रश्न नाही, तो नोंदीचा प्रश्न आहे. डोंगराचे नाव हे मुळात एक दस्तऐवज असते आणि दस्तऐवजाशी जसे वागायला हवे तसेच त्याच्याशी वागायला हवे. ते पूर्ण उतरवून घ्यावे, त्याच्याच भाषेच्या लेखनपद्धतीने लिहावे, त्याचा उच्चार जपावा, ते कोणाकडून मिळाले ते सांगावे आणि अर्थ निश्चित नसेल तर तसेही नमूद करावे. हे काम सरकारी खर्चाने आणि तातडीने झाले पाहिजे. पाटी कोणत्या भाषेत, हा त्यानंतरचा आणि तुलनेने लहान प्रश्न आहे.

ग्लेन को या प्रसिद्ध खोऱ्यात एक उदाहरण आहे, ते जरा जवळून पाहू. तिथे दोन सोंडांच्या मधे, खालच्या रस्त्यावरून अजिबात न दिसणारी एक उंचावरची सपाट दरी आहे. तोंडाशी घरांएवढ्या दरडी कोसळून वाट बुजल्यासारखी झाली आहे. त्या दरडींमधून वर चढून गेले, की अचानक गवताचे मोकळे मैदान लागते. इंग्रजीत तिला ‘लॉस्ट व्हॅली’, म्हणजे हरवलेली दरी, म्हणतात आणि पर्यटकांच्या माहितीपत्रकांत हेच नाव असते. गेलिकमध्ये ती आहे ‘कोरे गाहल’. ‘कोरे’ म्हणजे काहील, डोंगराच्या कुशीत हिमनदीने कोरलेला खोलगट भाग; ‘गाहल’ म्हणजे धरणे, पकडणे, ताब्यात घेणे. ग्लेन कोचे मॅक्डॉनल्ड कुळातले लोक दुसऱ्यांची गुरे पळवून आणत आणि ती इथे दडवून ठेवत, असे परंपरा सांगते. आता दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहावीत. ही दरी हरवली कोणाच्या लेखी? ज्यांनी तिथे गुरे कोंडली, त्यांना तिचा ठावठिकाणा पक्का माहीत होता. ती इतरांना दिसू नये यातच तिचा उपयोग होता. इंग्रजी नाव पाहुण्याला काय वाटले ते सांगते, तर गेलिक नाव तिथे काय घडत असे ते सांगते. दोन्ही नावे खरी आहेत, दोन्ही वापरात राहोत. पण पहिले आपोआप टिकेल आणि दुसरे कोणीतरी मुद्दाम जपल्याशिवाय टिकणार नाही.

ही जपणूक पूर्वी कशी झाली, हे पाहण्याजोगे आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा खात्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून स्कॉटलंडचे मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे केले. त्यासाठी सर्वेक्षकांनी ठेवलेल्या ‘नावांच्या वह्या’ आज स्कॅन करून सर्वांसाठी खुल्या आहेत. त्यांतले एखादे पान उघडले, की आखलेले पाच रकाने दिसतात. नकाशावर लिहायचे नाव, त्याच नावाची लिहिण्याची निरनिराळी रूपे, ती रूपे कोणाच्या अधिकारावर घेतली, ठिकाण कुठे, आणि वर्णन. हाताने लिहिलेली तिरकी अक्षरे, मधेच एखादे नाव तांबड्या शाईने खोडून त्यावर दुरुस्ती. हे पान पाहताना त्या सर्वेक्षकांविषयी आदर वाटतो, कारण एका साध्या ओढ्याच्या नावासाठीही त्यांना दोन-तीन माणसांचा हवाला लिहावा लागे. पण तिसऱ्या रकान्यात अधिकारी म्हणून वारंवार कोण येते? जमीनदार, त्याचा कारभारी, पाद्री, शाळामास्तर. मेंढपाळ आणि गुराखीही येतात, परंतु खात्याचा कल कुठे होता हे लपलेले नाही. लहान शेतकरी आणि झोपडीत राहणारे हे स्वतःच्या जागेच्या नावाबाबतही भरवशाचे नाहीत, विशेषतः लेखनाबाबत, अशा आशयाची सूचना विसाव्या शतकाच्या आरंभी कर्मचाऱ्यांसाठीच्या नियमांत होती. दुसरी उणीव त्याहून मोठी आहे. त्या पाच रकान्यांत ‘हे नाव कसे उच्चारतात’ असा रकानाच नाही. ज्या भाषेतले शब्द बहुतेक बोलणाऱ्यांनी कधी लिहिलेलेच नव्हते, त्या भाषेची नावे गोळा करताना आवाज मात्र वहीबाहेर राहिला. आणि हे ज्या दशकांत घडत होते, त्याच दशकांत, १८७२ मध्ये, स्कॉटलंडला सक्तीचे शिक्षण देणारा कायदा झाला. त्यात गेलिकसाठी काहीही तरतूद नव्हती.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेतो, कारण तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलू शकणारे सुमारे सत्तर हजार भरले, म्हणजे शंभरात जेमतेम एक. १९०१ मध्ये ही संख्या सव्वादोन लाखांच्या वर होती. पश्चिमेकडील बेटांतही बोलणारे आता निम्म्यापेक्षा कमी उरले आहेत. अशा स्थितीत डोंगरावर जाणाऱ्या लाखो माणसांसाठी नावे उपयोगी असली पाहिजेत, धुक्यात अडकलेल्याला फोनवरून आपले ठिकाण सांगता आले पाहिजे, बचावपथकाला ते कळले पाहिजे, हा आग्रह रास्त आहे. गेलिक नावांत पुनरुक्तीही फार. ‘कार्न जेरग’, म्हणजे तांबडा दगडी ढीग, या नावाचे डोंगर इतके आहेत, की नुसत्या नावावरून कोणता ते कळत नाही. हे सगळे मान्य.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? तीन हजार फुटांहून उंच अशा २८२ शिखरांची जी ‘मन्रो’ यादी आहे, ती सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. त्या शिखरांची नावे आजही प्रचंड बहुसंख्येने गेलिकच आहेत. म्हणजे कोणी कोणावर नवे नाव लादायला निघालेलेच नाही. इंग्रजी बोलणारा गिर्यारोहक आजही गेलिक नावाच्याच डोंगरावर चढतो आहे. फरक एवढाच, की ते नाव त्याच्यापुढे मुके होऊन उभे आहे. उपयुक्ततेची बाजू घेणाऱ्यानेच खरे तर त्याला वाचा फोडण्याचा आग्रह धरायला हवा. ‘मेल’ म्हणजे गोळा, ढेकूळ, तेव्हा त्या नावाचा डोंगर बहुधा गोल माथ्याचा. ‘स्गूर’ म्हणजे खडकाळ, टोकदार. ‘स्टोब’ म्हणजे खुंट. ‘ड्रिम’ म्हणजे पाठ, लांब चालणारी धार. ‘बेलख’ म्हणजे खिंड. ‘स्रोन’ म्हणजे नाक, आणि डोंगरातून दरीकडे उतरत गेलेल्या धारेला ते लावतात. आपण तिलाच सोंड म्हणतो, तेव्हा मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याची गरजच पडू नये. ‘फे’ या शब्दाचा अर्थ शरीरातली शीर किंवा स्नायू, आणि दलदलीतून झिरपत जाणाऱ्या पाण्याच्या मार्गालाही हाच शब्द. नकाशावर तो दिसला, की पाय कुठे रुतेल याची पूर्वसूचना मिळते. उंचीच्या रेषा चढ किती ते दाखवतात. जमीन पायाखाली कशी लागेल हे बऱ्याचदा नावच सांगते.

रंगांचेही तसेच आहे. केर्नगॉर्म या पर्वतसमूहाचे मूळ गेलिक नाव आहे ‘अम मोनग रुअग’, तांबूस डोंगर. पश्चिमेला स्पे नदीपलीकडे ‘अम मोनग लिअ’, करडे डोंगर. एका काठचे तांबूस, दुसऱ्या काठचे करडे, अशी ही जोडी दोन्ही रांगा एकदम नजरेच्या टप्प्यात असणाऱ्यांनी घडवलेली आहे. पुढे ‘कार्न गोर्म’ या एकाच शिखराचे नाव पूर्वेकडच्या सगळ्या रांगेला चिकटले आणि तांबूस डोंगर नकाशावर निळे झाले. त्यात ‘गोर्म’ म्हणजे केवळ निळाही नव्हे. दाट गवताच्या हिरव्यालाही तो शब्द चालतो. आपल्या ‘सावळा’ या शब्दाचे इंग्रजी करायला बसलेल्या माणसाची जी अडचण होते, तीच इथे होते. रंगांची विभागणीच वेगळी असलेली भाषा एका शब्दाच्या भाषांतरात मावत नाही, म्हणून ते नाव मुळातच नोंदवावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे आणि मला तो मनापासून पटतो. गेलिक ही तरी तिथली आद्य भाषा कुठे आहे? ती आयर्लंडशी जोडलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून पसरली. पूर्वेकडे तिच्याआधी पिक्ट लोकांची भाषा होती, ‘पिट’ आणि ‘अॅबर’ने सुरू होणारी गावे तिची साक्ष देतात. बेटांवर नॉर्स भाषेचा थर आहे. रम बेटावरची ‘आस्किव्हल’, ‘हॅलिव्हल’ ही शिखरे वायकिंग खलाशांच्या भाषेतली आहेत. स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाकडील केथनेसच्या पूर्व भागातील लोक गेलिक पाट्यांना विरोध करताना म्हणतात, की आमच्याकडची नावे नॉर्स आहेत, आणि त्यात तथ्य आहे. मग ‘मूळ नाव’ या शब्दाला अर्थ काय उरतो? माझे उत्तर असे, की तो शब्द टाकूनच द्यावा. नोंदीचा आग्रह धरणाऱ्याला मूळपणाची गरज नाही. स्काय बेटावर ‘ब्ला व्हेन’ हा देखणा डोंगर आहे. त्यातला ‘व्हेन’ हा गेलिक ‘बेन’, म्हणजे डोंगर; ‘ब्ला’ मात्र बहुधा नॉर्स भाषेतला निळा. दोन भाषांच्या माणसांनी एका नावात शेजार केला आणि तो आठ-नऊशे वर्षे टिकला. गेलिक बोलणाऱ्यांनी नॉर्स नावे पुसली नाहीत, आपल्या जिभेवर बसवून ती पुढे नेली, म्हणूनच ती आज आपल्यापर्यंत पोहोचली. थर आहेत म्हणून नोंद निरर्थक ठरत नाही. उत्खननात थर सापडले म्हणून कोणी खणायचे थांबत नाही.

उलट मूळपणाचा हट्ट गेलिकच्या चाहत्यांनाच अडचणीत आणतो. स्कायवरच्या कूलिन पर्वतरांगेतले सर्वोच्च शिखर ‘स्गूर अलस्टर’. ऐकणाऱ्याला वाटेल, की हे हजार वर्षांपूर्वीच्या कोणा वीराचे नाव. प्रत्यक्षात ते अलेक्झांडर निकल्सन यांच्यावरून पडले. स्कायमध्ये जन्मलेले हे न्यायाधिकारी गेलिकचे अभ्यासक होते आणि १८७३ मध्ये ते या शिखरावर चढले. म्हणजे हे नाव शुद्ध गेलिक आणि तरीही आगगाडीच्या काळातले. त्यामुळे ते खोटे ठरत नाही. फक्त त्याचे वय नोंदीत लिहिलेले असले पाहिजे, नाहीतर उद्या त्याभोवती दंतकथा वाढेल.

दंतकथांचा हा धोका मला पाट्यांच्या विरोधकांपेक्षाही मोठा वाटतो. प्रत्येक गेलिक नाव म्हणजे एक कविता आहे, असे समजून अर्थ सांगत सुटणारी मंडळी नावांचे नुकसानच करतात. बेन नेव्हिस या ब्रिटनच्या सर्वोच्च शिखराचा अर्थ ‘ढगांत डोके असलेला’ किंवा ‘स्वर्गाचा डोंगर’ असा हौसेने दिला जातो. हा अर्थ नावाच्या ध्वनीला ओढूनताणून बसवलेला आहे. जाणकारांचा कल नाव पायथ्याच्या नदीवरून आले असे मानण्याकडे आहे, आणि नदीच्या नावाचा अर्थ ‘विषारी, दुष्ट’ याच्या जवळ जाणारा असावा, असा एक अंदाज आहे. हे शिखर ‘विषारी’ म्हणून विकता येत नाही, हे मी समजू शकतो. पण याच डोंगराची दुसरी गोष्ट पाहा. २०१६ मध्ये नव्या उपकरणांनी त्याची उंची पुन्हा मोजली. जुन्या मोजणीशी फरक अवघ्या काही सेंटिमीटरचा निघाला, पण पूर्णांकात मांडताना आकडा वरच्या बाजूला गेला, म्हणून १,३४४ मीटरचे १,३४५ केले आणि नकाशे सुधारले. उंचीच्या बाबतीत बोटभर फरकाची दखल घेणारा समाज नावाच्या बाबतीत मात्र ‘साधारण असेच काहीतरी म्हणतात’ यावर समाधान मानतो. मला हे खटकते. अर्थ ठरवण्यासाठी एक विश्वासार्ह आधार असतो, तो म्हणजे तिथे जन्मलेल्या माणसाच्या तोंडचा उच्चार. तो नोंदवलेला नसेल, तर पुढचा अभ्यासक अंदाजच करत बसणार.

उच्चाराचा मुद्दा मराठी वाचकाला चटकन कळेल. रोमन लिपीत ‘बी’पुढे ‘एच’ दिसला, की आपण ‘भ’ वाचतो. गेलिकमध्ये तो ‘व’ असतो. ‘एम’पुढे ‘एच’ आला तरीही ‘व’सारखाच ध्वनी. ‘मोर’ म्हणजे मोठा, पण स्त्रीलिंगी नामापुढे तोच ‘व्होर’ होतो. हा बदल व्याकरणाचा आहे; कोणते नाम, कोणते लिंग, कोणती विभक्ती, हे सगळे त्यात बांधलेले असते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलेल्या रूपांत हा बांधा विस्कटला, की शब्द ओळखणेच अवघड होते. म्हणून नकाशावर गेलिक नाव गेलिक लेखनानुसार असावे, हा आग्रह अभिमानापोटी धरलेला नाही. चुकीचे लेखन म्हणजे पुसट झालेला दस्तऐवज आहे.

पुसण्याचे काम काही वेळा मुद्दामही झाले. केर्नगॉर्ममध्ये ‘डेव्हिल्स पॉइंट’ नावाचे उभे, काळसर शिखर आहे. त्याचे गेलिक नाव ‘बॉद अन जेव्हन’ म्हणजे सैतानाचे लिंग. राणी व्हिक्टोरियाने अर्थ विचारला तेव्हा सोबतच्या सेवकाने संकोचाने सौम्य भाषांतर केले, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, नाव त्या शतकाच्या शालीनतेने धुऊन काढले आहे, एवढे उघड दिसते. बाल्मोरल या राजघराण्याच्या वाड्याच्या वरचा ‘लॉखनगार’ हा तर डोंगर असून तळ्याचे नाव घेऊन बसला आहे. ‘लॉखन’ म्हणजे लहान तळे, आणि कड्याखालच्या त्या तळ्याचे नाव पुढे सगळ्या डोंगराला पडले. डोंगराचे आधीचे नाव ‘स्तनांचा डोंगर’ या अर्थाचे होते. शेजारच्या दोन टेकड्यांची स्कॉट्स भाषेतली ‘मोठा पॅप’ आणि ‘धाकटा पॅप’ ही नावे आजही त्याची खूण सांगतात, कारण ‘पॅप’ म्हणजे स्तनच. गुराखी, धनगर, शिकारी देहाच्या भाषेत डोंगर वाचतात. त्यांना नाक, पाठ, खांदा, छाती, शीर असे सगळे दिसते. त्यातले सभ्य अवयव ठेवून बाकीचे गाळायचे, ही निवड नोंद करणाऱ्याने करायची नसते.

याचा थेट संबंध आपल्याशी आहे, कारण ब्रिटनच्या डोंगरांचे नकाशे करणारी ही दृष्टी त्याच काळात आपल्या डोंगरांवरही फिरली. हिमालयातल्या सर्वोच्च शिखराला सर्वेक्षण खात्याच्या माजी प्रमुखाचे नाव द्यावे, असे अँड्र्यू वॉ यांनी १८५६ मध्ये सुचवले. स्थानिक नाव सापडत नाही, हे कारण दिले गेले. ‘चोमोलुंग्मा’ हे तिबेटी नाव मात्र अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच नकाशातच येऊन गेले होते. खुद्द जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हरकत घेतली, की माझे नाव इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही. तरीही १८६५ मध्ये ते कायम झाले. घराजवळ पाहायचे तर खंडाळ्याची नागफणी आहे. घाटातून जाताना वर उगारलेला तो सुळका कोणालाही फणा काढलेल्या नागासारखा दिसतो. इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले आणि ‘ड्यूक्स नोज’ हे नाव पडले. आज दोन्ही नावे चालतात आणि त्यात मला वावगे वाटत नाही. पण नागफणीच्या पायथ्याच्या ओहळांना, तिच्या मागच्या सोंडेला, मधल्या खिंडीला खालच्या वाडीतली म्हातारी माणसे काय म्हणतात, हे कुठल्या नकाशात आहे? स्कॉटलंडच्या वादातून आपण काही घ्यायचे असेल तर हा प्रश्न घ्यावा. नामांतराचे आपल्याकडचे वाद शहरांच्या आणि जिल्ह्यांच्या नावांपाशी सुरू होऊन तिथेच संपतात.

तिसरा आक्षेप सरकारी हस्तक्षेपाचा, आणि त्याला आयर्लंडमध्ये चांगला पुरावा आहे. २००३ च्या भाषा कायद्याचा आधार घेऊन तिथल्या सरकारने नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या डिंगल या गावाचे अधिकृत नाव २००५ पासून केवळ ‘अन डँगन’ असे आयरिशमध्ये ठेवले. गाव आयरिश भाषिक प्रदेशात असूनही लोक चिडले. २००६ च्या मतदानात त्यांनी प्रचंड बहुमताने इंग्रजी आणि पूर्ण आयरिश रूप अशी जोडी मागितली. काही वर्षांनी कायद्यात बदल करून ती द्यावी लागली. विशेष म्हणजे सरकारने निवडलेले रूप तोकडे आहे, आमच्या गावाचे आयरिश नाव याहून लांब आहे, ही तक्रार खुद्द आयरिशच्या बाजूनेही होती. मी या प्रकरणात डिंगलच्या लोकांच्या बाजूचा आहे. नाव वापरायचे कोणते, हे राहणाऱ्यांनी ठरवावे. पण या प्रकरणातून नोंदीच्या विरोधात काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते हे, की हुकूम काढणे आणि नोंद करणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि पहिले करून दुसऱ्याचे श्रेय घेता येत नाही. त्याच आयर्लंडमध्ये टिम रॉबिन्सन या यॉर्कशायरमध्ये वाढलेल्या माणसाने १९७२ पासून अॅरन बेटांवर राहून, पायी हिंडून, दारोदार विचारून एकेका खडकाचे, एकेका शेताच्या बांधाचे नाव जमवले आणि स्वतःच्या हाताने नकाशे काढले. सरकारी नकाशाने इंग्रजी वळणावर मोडून टाकलेली नावे त्यांनी लोकांच्या तोंडून पुन्हा दुरुस्त करून घेतली. त्यांना कोणी विरोध केला नाही, कारण ते काही लादत नव्हते.

कोणी म्हणेल, की हा अभ्यासकांचा छंद झाला, सार्वजनिक प्रश्न कसला? त्यासाठी पुन्हा स्कॉटलंडकडे, तिथल्या पश्चिमेकडील लुईस बेटाकडे पाहावे. तिथल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली मातीच्या, विस्तीर्ण माळावर १८१ पवनचक्क्या उभारण्याची योजना होती. माळ म्हणजे नुसती ओसाड, निरुपयोगी जागा, असे चित्र योजनेच्या बाजूने रंगवले जात होते. बेटावरच्या माणसांनी उत्तरादाखल जी सामग्री पुढे केली, तिच्यात माळाशी निगडित गेलिक शब्दांचा कोश होता. पीटचे प्रकार, पाण्याच्या वाटा, गवताच्या छटा यांसाठीचे शंभराहून अधिक शब्द त्यात होते. एप्रिल २००८ मध्ये स्कॉटिश सरकारने परवानगी नाकारली. ती नावांमुळे नाकारली असे मी म्हणणार नाही. निर्णय पक्ष्यांच्या अधिवासाला संरक्षण देणाऱ्या युरोपीय नियमांवर टेकलेला होता. शिवाय पवनऊर्जा वाईट असेही माझे म्हणणे नाही. मुद्दा एवढाच, की ‘इथे काहीच नाही’ हे वाक्य कोऱ्या नकाशाच्या आधारावरच बोलता येते. डोंगरातल्या ज्या जागांच्या नावांत ‘आरी’ हा शब्द येतो, त्या उन्हाळ्यात गुरे घेऊन बायका-मुलांनी मुक्काम करण्याच्या जागा होत. एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांच्या कुरणांसाठी खोरीच्या खोरी रिकामी करून माणसे किनाऱ्यावर आणि समुद्रापार हाकलली गेली. ज्याला आज ‘निर्मनुष्य रानभूमी’ म्हणून जपायचे म्हणतात, तिथे माणसे राबत होती, याचा नकाशावर उरलेला पुरावा पुष्कळ ठिकाणी केवळ त्या एका शब्दापुरता आहे.

या नोंदीसाठी लागणारी यंत्रणा काही प्रमाणात उभी आहे. एडिंबरा विद्यापीठात १९५१ पासून लोकपरंपरेचे ध्वनिमुद्रण चालत आले आहे; गेलिक स्थळनावांची योग्य रूपे ठरवणारी राष्ट्रीय समिती आहे; २०२५ च्या कायद्याने गेलिकला अधिकृत दर्जा मिळाला आहे. पण समितीकडे येणारी मागणी बहुतेक पाट्यांची असते, म्हणजे गावांची, रस्त्यांची, स्थानकांची. डोंगरातल्या ज्या हजारो लहान नावांची पाटी कधीच लागणार नाही, त्यांची मागणी कोण करणार? अठराव्या शतकात दंकन बान मॅकिंटायर हा बेन डोरन या डोंगराच्या परिसरात वनरक्षक होता. त्याला लिहिता येत नव्हते. त्याने त्या एका डोंगरावर रचलेली दीर्घ कविता दुसऱ्यांनी ऐकून उतरवली आणि १७६८ मध्ये ती छापली गेली. कोणत्या कुशीत हरिणी विसावते, कोणत्या झऱ्यावर ती येते, हे तिच्यात नावानिशी आहे. त्याने ते पाठ म्हटले तेव्हा समोर लिहून घेणारा कोणी होता.

म्हणून माझी मागणी क्रमाची आहे. नव्या पाट्यांवर वाद असेल तिथे दहा वर्षे पाटी लावू नये. त्याने फारसे काही बिघडणार नाही. तो पैसा घेऊन ध्वनिमुद्रक आणि मोठ्या प्रमाणाचे नकाशे हातात दिलेली गेलिक जाणणारी माणसे खोऱ्याखोऱ्यांत पाठवावीत. निवृत्त मेंढपाळ, हरिणांच्या रानांतले जुने वाटाडे, किनाऱ्यावरच्या लहान शेतांतली ऐंशी ओलांडलेली माणसे यांच्याकडून एकेक नाव जागेवर बोट ठेवून घ्यावे. जुन्या वह्यांचे पाच रकाने तसेच ठेवावेत आणि त्यांना तीन जोडावेत. एकात त्या माणसाच्या आवाजातला उच्चार. दुसऱ्यात त्याने सांगितलेला अर्थ आणि त्याशेजारी, वेगळ्या शाईत, अभ्यासकाचे मत. तिसऱ्यात ती जागा कशासाठी वापरत. ऑर्डनन्स सर्व्हेच्या फोनवरच्या नकाशात नावावर बोट ठेवले, की तो आवाज ऐकू यावा. मग धुक्यातल्या माणसालाही नाव उच्चारता येईल आणि बचावपथकालाही ते कळेल. कोरे गाहलच्या तोंडाशी दरडींमधून चढणाऱ्या पर्यटकाने खुशाल ‘लॉस्ट व्हॅली’ म्हणावे. त्याच्या हातातल्या नकाशावर दुसरे नाव नीट लिहिलेले असावे, आणि त्याने दाबले तर ग्लेन कोमधल्या कोणा म्हाताऱ्याच्या आवाजात ते त्याला ऐकू यावे.